टॉर्च-१० पॅकेज, एकटी रुबेला आयजीजी आणि एमएमआर लस : कशावर पैसे घालावेत?

पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात गरोदरपणातले संसर्ग शोधणारं 'टॉर्च-१०' नावाचं एक पॅकेज असतं. घरी येऊन रक्त नेतात, उपाशी राहावं लागत नाही, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पीडीएफ येते आणि बिल साधारण दोन-तीन हजारांच्या घरात जातं. त्याच यादीत जरा खाली 'रुबेला आयजीजी' ही एकटी चाचणी, म्हणजे जर्मन गोवराची (रुबेलाची) प्रतिकारशक्ती शरीरात आहे का ते सांगणारी, काही शे रुपयांत मिळते. तिच्याबद्दल काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही. हे परीक्षण या दोघींचं आहे, आणि लॅबऐवजी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये असणाऱ्या तिसऱ्या वस्तूचंही: गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस.

निकाल आधीच सांगून टाकतो. दिवस राहण्याआधी एकटी आयजीजी: पाचपैकी साडेचार. एमएमआर लस: पाचपैकी पाच, फक्त वेळ पाळून. कसलंही लक्षण नसताना तिसऱ्या महिन्यात काढलेलं टॉर्च-१०: पाचपैकी एक, तोही सुई टोचणाऱ्याचा हात हलका असतो म्हणून.

पॅकेजमध्ये काय येतं ते बघू. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस-१ आणि हर्पिस-२ असे पाच जंतू. प्रत्येकाच्या आयजीजी (जुनी ओळख सांगणारी) आणि आयजीएम (ताजा संसर्ग सांगणारी) अशा दोन अँटिबॉडी. झाल्या दहा ओळी. हर्पिसचे दोन्ही प्रकार एकत्र मोजले की त्याचंच टॉर्च-८ होतं. टॉर्च हे नाव १९७१ साली आंद्रे नहमियास आणि सहकाऱ्यांनी आईकडून बाळाला होणाऱ्या आणि बाळात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या संसर्गांसाठी पुढे आणलं. जन्मतः कावीळ, यकृत-प्लीहा वाढलेली, डोकं लहान असं बाळ समोर आलं की डॉक्टरांनी काय काय आठवायचं, त्याची ती खूण. धडधाकट गरोदर बाईचं सरसकट रक्त काढायला ती नव्हती. आपल्याकडे मात्र ती पॅकेज होऊन बसली.

या पाचांत गरोदरपणाच्या दृष्टीने ज्यावर आधीच पक्का इलाज करता येतो असा एकच: रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. त्यामुळे बाकीचे बाजूला ठेवू.

रुबेला मोठ्या माणसात अगदी मामुली असतो. बारीक ताप, कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला दुखऱ्या गाठी, चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं फिकट गुलाबी पुरळ, बायकांमध्ये बोटांचे सांधे धरणं. तीन दिवसांत सगळं ओसरतं. चौथाई ते निम्म्या लोकांना तर काहीच जाणवत नाही. लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे जातात आणि पुरळाच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत माणूस तो पसरवत असतो. म्हणून 'मला कधी झालाच नाही' या वाक्याला काही अर्थ नाही, आणि 'लहानपणी गोवर येऊन गेलाय' यालाही नाही. गोवर वेगळा, रुबेला वेगळा. लहानपणीचं कुठलंही पुरळ घरच्यांच्या लेखी गोवरच असतं.

पोटातल्या बाळाचं गणित मात्र भयंकर आहे. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदूची ७८ बाळं नोंदवली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे दाखवून दिलं. पहिल्या बारा आठवड्यांत आईला लागण झाली तर ८० ते ९० टक्के बाळांत दोष राहतो: मोतीबिंदू, हृदयाचे दोष, आतल्या कानाचं बहिरेपण, कधी तिन्ही एकत्र. तेरा ते सोळा आठवड्यांत मुख्य भीती बहिरेपणाची. विसाव्या आठवड्यानंतर दोष क्वचितच. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत अशी सुमारे २० हजार बाळं जन्मली. विषाणूवर औषध नाही. म्हणून या बाबतीत उपयोगाचा असा पैसा दिवस राहण्याआधीच खर्च होतो.

आता रिपोर्टवर येऊ, कारण खरी गंमत आणि खरा त्रास तिथेच आहे. टॉर्च-१० च्या नेहमीच्या कागदावर या दोन ओळी अशा दिसतात:

रुबेला आयजीजी : ८७.४ आययू/मिली (रिअ‍ॅक्टिव्ह) — संदर्भ: ५ च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, ५ ते ९.९ ग्रे झोन, १० व वर रिअ‍ॅक्टिव्ह
रुबेला आयजीएम : ०.२१ इंडेक्स (नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह)

पहिला आकडा ठळक छापलाय. लॅबच्या सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की आकडा नॉन-रिअ‍ॅक्टिव्हच्या मर्यादेबाहेर गेला, मग तो हिमोग्लोबिन असो की रुबेला, ठळक करायचा. काही ठिकाणी लाल शाई, शेजारी बाण. प्रत्यक्षात गरोदर बाईला हव्या अशा या दोन सर्वोत्तम ओळी आहेत. आयजीजी भरपूर म्हणजे शरीराला रुबेलाची ओळख जुनी आहे, लशीने झालेली असो की लहानपणी न कळता येऊन गेलेल्या रुबेलाने. आयजीएम नाही म्हणजे आत्ता काही चालू नाही. पण घरात पोचतो तो ठळक आकडा. 'रुबेला पॉझिटिव्ह आलाय' असा मेसेज बहिणीला जातो, बहिणीकडून मावशीला, आणि तोवर इंटरनेटवर मोतीबिंदूची बाळं बघून झालेली असतात. काही लॅबा खाली टीप छापतात की आयजीजी रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे प्रतिकारशक्ती आहे. ती टीप नेमकी दुसऱ्या पानावर, सहीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात असते.

याच आयजीजीच्या आधारावर वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं खापर 'टॉर्च'वर फोडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. रुबेलाच्या बाबतीत हे बसतच नाही. एकदा लागण झाली की प्रतिकारशक्ती सहसा जन्मभर टिकते. तोच विषाणू दर गरोदरपणात उठून गर्भ पाडत नाही. दोन-तीन गर्भपात झालेल्या बाईचं टॉर्च काढून आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून पुन्हा पुन्हा टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) काढत राहणं हा सरळ वाया गेलेला पैसा. तोच थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आणि गर्भाशयाच्या रचनेच्या तपासणीवर लावावा.

आयजीएमची ओळ त्याहून धोकादायक, कारण ती खोटं बोलू शकते. समजा आयजीएम चाचणी निरोगी बाईला ९८ टक्के वेळा बरोबर 'नाही' सांगते. हजार निरोगी गरोदर बायकांचं रक्त तपासलं तर २० जणी उगाच पॉझिटिव्ह येतील. त्या हजारांत खरा ताजा रुबेला एखादीला असला तर असला. म्हणजे लक्षणं नसताना आलेलं आयजीएम पॉझिटिव्ह बहुतेक वेळा खोटंच असतं. पार्व्हो विषाणू बी-१९, एपस्टीन-बार, सायटोमेगॅलो यांचा संसर्ग, रुमॅटॉइड फॅक्टर, कधी नुसतं गरोदरपण, यातलं काहीही ते खोटं पाडायला पुरतं. शिवाय लशीनंतर किंवा जुन्या संसर्गानंतर काहींच्या रक्तात आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची शिफारसही अशीच: पहिल्या भेटीत आयजीजी पाहा, लक्षणं किंवा संपर्क नसेल तर आयजीएम काढू नका. टॉर्च-१० मध्ये मात्र ती ओळ बळजबरीने गळ्यात पडते; 'आयजीएम नको' असा पर्यायच पॅकेजमध्ये नसतो. एका खोट्या ओळीवरून निरोगी गर्भ पाडण्याचा निर्णय होऊ शकतो, म्हणून गुणांत एवढी कंजुषी.

आयजीएम पॉझिटिव्ह हातात आलंच, तर पुढची वाट अशी. आधी तारखा लिहून काढायच्या: शेवटची पाळी, पुरळ-ताप आला असेल तर कधी, पुरळ आलेल्या माणसाच्या जवळ कधी बसला होतात, एमएमआर कधी घेतली. मग लॅबला फोन करून पहिला नमुना टाकू नका म्हणून सांगायचं. फ्रीझरमध्ये सीरम जपून राहतं. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी चालवायचे. आयजीजी चौपट किंवा जास्त चढलं तर ताजी लागण. स्थिर राहिलं तर जुनी गोष्ट. या दोन नमुन्यांच्या मध्ये लॅब बदलणं ही हमखास होणारी चूक. सवलत मिळाली म्हणून दुसरीकडे गेलात की आकड्यांची तुलनाच होत नाही.

तिसरी पायरी आयजीजी अ‍ॅव्हिडिटी: अँटिबॉडी अँटिजेनला (विषाणूच्या भागाला) किती घट्ट धरते ते. नवी अँटिबॉडी सैल धरते, जुनी घट्ट. पहिल्या तिमाहीत अ‍ॅव्हिडिटी जास्त आली तर लागण गेल्या तीन महिन्यांतली नाही, विषय संपला. ही चाचणी सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या संदर्भ लॅबकडे पाठवावा लागतो आणि दिवस लागतात. तरी आयजीएमच्या धसक्याने रात्री जागवणाऱ्या बाईसाठी ही चाचणी टॉर्च-१० च्या कितीतरी पट मोलाची आहे. लागण खरीच ठरली तर गर्भजलाच्या पीसीआरचा विचार तज्ज्ञ करतात, पण लागणीनंतर निदान सहा आठवडे आणि गरोदरपणाचे अठरा-वीस आठवडे उलटल्याशिवाय तो भरवशाचा नसतो.

खरंच पुरळ आलं असेल तर उलटी चूक होते: घाई. पुरळाच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्तात आयजीएम निम्म्या वेळा अजून उगवलेलंच नसतं. त्या दिवशीच्या निगेटिव्हवर विसंबायचं नाही, पाच दिवसांनी परत द्यायचं. ताप आणि पुरळ असलेली गरोदर बाई असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावं. गोवर-रुबेला निर्मूलनासाठी अशा रुग्णांची नोंद आणि तपासणी सरकार स्वतः करतं. नुसता संपर्क झाला असेल, पुरळ नसेल, तर लगेच आयजीजी. संपर्कानंतर दहा-बारा दिवसांच्या आत आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर ती आधीचीच, निर्धास्त व्हा. निगेटिव्ह असेल तर तीन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात.

आता एकट्या आयजीजीकडे. प्लेन किंवा जेल असलेल्या नळीत तीन ते पाच मिली रक्त, बस. अर्धा गुण कापला तो मधल्या पट्ट्यासाठी. १० आययू/मिली ही सीमा सगळीकडे सारखी दिसते, पण यंत्रं सारखी मोजत नाहीत. एकाच बाईचं रक्त एका कंपनीच्या यंत्रावर ८ आणि दुसऱ्यावर १४ येऊ शकतं, दोन्ही यंत्रं जागतिक आरोग्य संघटनेच्या एकाच मानकावर बेतलेली असूनसुद्धा. काही कंपन्या ग्रे झोन ५ पासून धरतात, काही ७ पासून, काही धरतच नाहीत. म्हणून रिपोर्टवर चाचणीची पद्धत (क्लिया, ईक्लिया, एल्फा यांपैकी काय ते), एकक आणि त्या यंत्राचीच संदर्भमर्यादा छापलेली असायला हवी. 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द देणारी लॅब नको. बोटाएवढ्या पट्टीवर पंधरा मिनिटांत टॉर्च करून देणारं रॅपिड कार्ड तर दारातूनच परत पाठवावं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह बघताना एक विचारा: ही चाचणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का? चिन्ह लॅबला असतं, प्रत्येक चाचणीला नसतं.

आणखी एक बारकी गोष्ट. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील (बाजारात ५ आणि १० मिलिग्रॅमच्या सर्रास मिळतात) तर रक्त देण्याआधी सांगा आणि शेवटच्या गोळीनंतर एक-दोन दिवस जाऊ द्या. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालणाऱ्या यंत्रांत ती गोळी आयजीजीचा आकडा खोटाच खाली आणू शकते. नमुना न्यायला आलेला मुलगा हे विचारत नाही.

महाराष्ट्रात ही एकटी चाचणी आत्ता का महत्त्वाची, ते तारखांवरून कळेल. सरकारी लसीकरणात पूर्वी फक्त गोवराची लस होती. गोवर-रुबेला लशीची मोहीम गोव्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. वय ९ महिने ते १५ वर्षांच्या आत. त्यानंतर ती नेहमीच्या वेळापत्रकात ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांना आली. म्हणजे महाराष्ट्रात २००३ च्या नोव्हेंबरआधी जन्मलेली मुलगी मोहिमेतून सुटली. तिच्या आईवडिलांनी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे देऊन एमएमआर दिली असेल तरच तिला लस मिळाली. आज बाळंतपणाच्या वयातल्या बहुसंख्य बायका याच गटातल्या. लहान मुलांना लस मिळाल्यामुळे विषाणूचा फिरता वावर कमी होतो हे खरं, पण त्यामुळेच न कळता लहानपणी रुबेला होऊन जाण्याची शक्यताही घटते, आणि लस न मिळालेली मुलगी कोरीच्या कोरी मोठी होते. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१६ पासून गरोदरपणातली सरसकट रुबेला तपासणी बंद केली, कारण तिथे रुबेला जवळपास संपला होता आणि गरोदरपणात निगेटिव्ह कळून त्या बाळाला काही फायदाही होत नव्हता. आपण अजून त्या टप्प्यावर नाही. पण दुसरं कारण इथेही तितकंच लागू आहे. गरोदरपणात लस देता येत नाही, तर तेव्हा कळून करणार काय?

म्हणून तिसरी वस्तू. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ट्रेसिव्हॅक ही आपल्याकडे सगळ्यात ओळखीची एमएमआर. तिच्यातला रुबेलाचा भाग म्हणजे आरए २७/३ हा स्ट्रेन, अमेरिकेतल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केलेला, आजही जगभर वापरात असलेला. रुबेलासाठी एक डोस ९५ टक्क्यांच्या आसपास बायकांना पुरतो. लहानपणीची लेखी नोंद असेल तर एकच डोस पुरावा म्हणून पुरे. नोंद असूनही आयजीजी ग्रे झोनमध्ये आलं तर आणखी एक डोस द्यायचा (एमएमआरचे एकूण तीनपेक्षा जास्त नाहीत) आणि पुन्हा टायटर काढत बसायचं नाही. नोंद नसेल आणि चाचणीचा कंटाळा असेल तर सरळ लस घ्यावी. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या बाईला ती दिल्याने काही बिघडत नाही.

लस दंडावर, त्वचेखाली, ०.५ मिली. बाटलीत पांढुरकी कोरडी वडी असते आणि सोबत त्याच कंपनीचं विरघळवायचं पाणी. ते मिसळलं की घड्याळ सुरू होतं: वाफाळत्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेली तयार लस लवकर मरते, उजेडानेही मरते. म्हणून बाटली तुमच्यासमोर फोडून घ्या, सकाळीच भरून ठेवलेली सिरिंज नको. बाटलीवर व्हीव्हीएमचं (लशीला उष्णता किती लागली ते दाखवणारं) गोल चिन्ह असेल तर आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. दोन्ही सारखे काळपट झाले असतील तर ती बाटली उष्णतेने गेली. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. लोडशेडिंगच्या गावात दवाखान्याच्या फ्रिजला थर्मामीटर आणि तापमानाची वही आहे का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

डोसनंतर चार आठवडे दिवस राहू द्यायचे नाहीत. त्याआधी राहिलेच, किंवा राहिल्याचं न कळता लस टोचली गेली, तर गर्भपाताचं ते कारण नाही. अशा शेकडो बाळंतपणांचा पाठपुरावा झालाय आणि लशीमुळे जन्मजात रुबेलाचं बाळ आढळलेलं नाही. हे डॉक्टरांनाही कधीकधी ठामपणे सांगावं लागतं. मोठ्या बायकांत एक ते तीन आठवड्यांनी सांधे दुखतात, साधारण चौघींत एकीला, आपोआप जातं. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर निदान तीन महिने थांबावं लागतं. प्रतिकारशक्ती फार कमी करणारी औषधं चालू असतील तर लस नाही. क्षयरोगाची मँटू चाचणी करायची असेल तर त्याच दिवशी करा, नाहीतर चार ते सहा आठवड्यांनी.

गरोदरपणात आयजीजी निगेटिव्ह निघालं तर लस बाळंतपणानंतर, घरी जाण्याआधी. अंगावर पाजत असलात तरी चालते. आरएच निगेटिव्ह म्हणून अँटि-डी इंजेक्शन दिलं असेल तरी लस थांबवायची नाही. फक्त तीन महिन्यांनी आयजीजी तपासून ती लागू झाली का बघायचं.

लशीची एकच तक्रार आहे, ती लशीची नाही, व्यवस्थेची. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ती बहुधा ठेवलेली नसते आणि बालरोगतज्ज्ञाच्या रांगेत मोठी बाई बसली की रिसेप्शनवरची मुलगी विचारते, 'बाळ कुठंय?' त्यावरचा सोपा उपाय: ज्या दिवशी नवजात बाळाला बीसीजी टोचतात, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडून आईचीही एमएमआर मागून घ्या, आणि तारीख, बॅच नंबर, सही आईच्या डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बाळाच्या लसकार्डावर नको. ते मूल शाळेत गेलं की हरवतं. नवऱ्याच्या नोकरीपायी पुढेमागे अमेरिकेत जाऊन ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीला बसायची वेळ आली, तर तिथला डॉक्टर एमएमआरची हीच तारीख मागतो.